साबण लागू पडला

४ ऑक्टोबर १९९९, सोमवार

यांच्या कारखान्यातून आलेली ही डायरी जानेवारीपासून कपाटात कोरी पडली होती. आज बाहेर काढली. डोक्यात एवढं काही चाललंय की कुठेतरी ओतायला हवं. यशश्रीला सांगायला जावं तर ती म्हणते, "मम्मी, कॉलेजला उशीर होतोय, शॉर्टमध्ये सांग ने." माझं काहीच शॉर्टमध्ये होत नाही.

आज यांना घेऊन चामडीच्या डॉक्टरकडे गेले. वहीत तरी नाव लिहायला काय हरकत आहे? अविनाश. लग्नाला वीस वर्षं झाली, उखाण्याखेरीज तोंडाने कधी घेतलं नाही. लिहायला बरं वाटतं.

तर अविनाशचे हात. गोरव्याच्या कारखान्यात लेथवर काम. लोखंड कापताना वरून पांढरं तेलपाणी सतत पडत असतं, त्यात दिवसभर बोटं भिजलेली. पेरापेरावर चिरा पडल्यात, तळव्यांची सालं निघतात. भाकरीबरोबर ठेचा असला की क्षणभर डोळे मिटून घेतात. थंडीत तर बघवत नाही. गेल्या थंडीत शर्टाची बटणं मी लावून देत होते.

डॉक्टरांनी हात उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, "तेलथी दूर रहो, महिना-दोढ महिनामां मटी जशे. मलम तो ठीक छे." तेलापासून लांब राहिलं की महिन्या-दीड महिन्यात बरे होतील म्हणे.

अविनाश हसले. "साहेब, तेलथी दूर रहूं तो खाऊं शुं?"

डॉक्टरही हसले. मला हसू आलं नाही. हात असेच राहिले तर आज ना उद्या लेथ सोडावा लागेल, हे दोघांनाही दिसत होतं आणि दोघं हसत होते. बाहेर आल्यावर अविनाश म्हणाले, "चल, सेवउसळ खाऊ." चमच्याने खाल्ली.

माझं मत वेगळं आहे. तेल गुन्हेगार नाहीच. कारखान्यात हात धुवायला कपड्यांची पावडर ठेवलेली असते. रोज संध्याकाळी त्या पावडरीने हात खरडून काढतात. कातडीचं स्वतःचं तेलच निघून जातं, मग ती फुटणार नाही तर काय? मी बी.एस्सी. केमिस्ट्री आहे, बडोद्याची. वीस वर्षांत त्या डिग्रीचा उपयोग फक्त यशश्रीचा गृहपाठ घेण्यापुरता झाला. आता साबण मी करणार. डॉक्टरांच्या नाकावर टिच्चून करणार.

९ ऑक्टोबर

पहिला घाणा फसला. कॉस्टिक सोड्याचं पाणी अॅल्युमिनियमच्या पातेल्यात ओतलं आणि पातेलं फसफसायला लागलं, आतून काळं ठिक्कर पडलं. खिडक्या उघडून दोघी गॅलरीत पळालो. यशश्री म्हणाली, "मम्मी, तू नक्की केमिस्ट्रीच घेतली होतीस?"

शरम वाटली. हे तर पहिल्या वर्षाला शिकवतात. आमचे प्रॅक्टिकलचे सर आठवले. दोन गोष्टी घोकून घ्यायचे. भांडं कशाचं आहे ते आधी बघा, आणि कुठल्याही प्रयोगात एक परीक्षानळी काहीही न घालता बाजूला ठेवा. नाहीतर जे झालं ते तुमच्यामुळे झालं, की आपोआप झालं, हे कळणार कसं? पहिली गोष्ट मी आजच विसरले.

१७ ऑक्टोबर, रविवार

जमला. जमला एकदाचा.

मांडवीच्या तेलवाल्याकडून खोबरेल, एरंडेल आणि डोळियुं आणलं. डोळियुं म्हणजे मोहाच्या बियांचं तेल, गार झालं की तुपासारखं थिजतं. छोटा उदेपूरकडचे लोक टाचांच्या भेगांना लावतात, असं तेलवाला म्हणाला. स्टीलच्या पातेल्यात ढवळत बसले. हात भरून आला तेव्हा अविनाशने रवी घेतली. कढीसारखं दाट झालं आणि रवी उचलल्यावर वर रेघ उमटून राहिली. साचा म्हणजे अविनाशनेच करून दिलेली लाकडी पेटी, आत बटर पेपर.

आता दीड महिना वाळवायचा. तोवर त्यातला सोडा शांत होत नाही. दीड महिना. मला दीड तास धीर निघत नाही. संध्याकाळपासून पेटीवरचं पोतं चारदा उचलून पाहिलं.

१० नोव्हेंबर

दिवाळी झाली. उटणं घरचंच केलं, तेही डोळियुंत कालवून. यशश्रीच्या गालावरची पुटकुळी बसली. ती म्हणते आपोआप बसली.

कारखान्यातून या वर्षी मिठाईचा डबा आला नाही. बोनसचं विचारलं तर अविनाश म्हणाले, "मंदी आहे, सगळीकडेच बोंब आहे." मग म्हणाले, आता स्कूटर नको, सायकलने जाईन, पोट सुटतंय. पोट कुठे सुटलंय? पण चांगलंच आहे.

का कोण जाणे, या दिवसांत जिवाला चैन नाही. बसलं की उठावंसं वाटतं. साबणाच्या वड्या सकाळी या खिडकीत, दुपारी त्या खिडकीत अशा फिरवत असते.

२१ नोव्हेंबर, रविवार

साबण वाळेपर्यंत हातांना लावायला काहीतरी हवं होतं, म्हणून माझ्या आईची रीत काढली. तांब्याच्या ताटात गाईचं तूप घ्यायचं, पाणी घालून तळहाताने फेटायचं, पाणी ओतून द्यायचं, पुन्हा नवं पाणी. शंभर वेळा. तूप पांढरंशुभ्र होतं, लोण्याहून मऊ, आणि तुपाचा वासही जातो. बाजारच्या क्रीमच्या बाटलीने याच्यापुढे पाणी भरावं.

मला वाटलं, मलाच फेटावं लागणार. पण अविनाश स्वतः ताट घेऊन बसले. कधी नव्हे ते बसले, बरं का. रविवारी झोपणारा माणूस. फेटता फेटता हात उजेडात आले आणि मी पाहतच राहिले. पेरांवरच्या दोन चिरा मिटल्या होत्या. साबण अजून लावलाही नाही आणि हा फरक! नुसत्या उटण्याने?

"दाखवा, दाखवा," म्हटलं तर हात पाण्यात घातले. लाजतात.

३० नोव्हेंबर

आज पहिली वडी कापली. जिभेला लावून पाहिली, चुरचुरली नाही. एक वडी कागदात बांधून अविनाशच्या डब्याच्या पिशवीत ठेवली. बजावून सांगितलं, कारखान्यात त्या पावडरीला हात लावायचा नाही, याच साबणाने धुवायचं. "बरं," म्हणाले.

एका गोष्टीची चीड आली आहे. पेपरच्या रविवारच्या पुरवणीत दुधाच्या सायीच्या लेपाची कृती होती, ती उतरवून घ्यायची होती. पाहते तर पानाला मोठं भोक. पलीकडच्या बाजूच्या छोट्या जाहिराती अविनाशने कापून घेतल्या होत्या. विचारलं तर म्हणे सुभाषला हव्या होत्या. सुभाष यांच्या शेजारच्या मशीनवर असतो. सुभाषला घरी पेपर येत नाही का?

१२ डिसेंबर, रविवार

लिहून ठेवते, म्हणजे उद्या कोणी नाही म्हणायला नको. अविनाशचे हात बरे झाले. ऐन थंडीत! तळवे गुळगुळीत. नखांच्या कडेचा काळा रंग, जो मी लग्नापासून पाहत आले, तोसुद्धा गेला. आणि त्यांचा कारखान्याचा निळा शर्ट बादलीत बुडवला तर पाणी जवळजवळ स्वच्छ. आधी दोन बादल्या काळं पाणी निघायचं. माझाच साबण किसून घातला होता.

शेजारच्या निरूबेन घरी खाखरे करून विकतात, त्यांना धंद्याचं कळतं. अविनाशला ओढतच त्यांच्या दारात नेलं आणि हात पुढे करायला लावले. निरूबेनने चष्मा लावून पाहिले. "पद्माबेन, आ तो जादू छे. फाटेला हाथनो साबू. लेबल छपावो. मांडवीवाळो तेलवाळोज राखशे."

मला रात्री जेवण गेलं नाही, आनंदाने. वीस वर्षं मी कुणाचं तरी काहीतरी होते. आज पहिल्यांदा काहीतरी केलं, आणि ते लागू पडलं.

अविनाशला विचारलं, आनंद झाला नाही का? म्हणाले, "तुला झालाय ने? मग झालं."

१ जानेवारी २०००

कारखान्याची नवी डायरी आली नाही. मंदी. तर मग याच डायरीची कोरी राहिलेली पानं वापरते.

यशश्रीची मैत्रीण म्हणत होती म्हणे, तुझे पप्पा दुपारी कमाटीबागेत बाकावर बसलेले दिसले. मी हसले. निळ्या शर्टाची माणसं बडोद्यात काय कमी आहेत? यशश्री हसली नाही. पोरीला आजकाल गंमत कळत नाही.

तेलवाल्याने तीन डझन वड्या ठेवायचं कबूल केलं, लेबल आणा म्हणाला. घाण्यावर घाणे चाललेत. घरभर खोबरेलाचा वास, आणि मी एका जागी ठरत नाही.

१५ जानेवारी

काल उत्तरायण. गच्चीवर सगळी सोसायटी. गेली कित्येक वर्षं अविनाश फक्त फिरकी धरायचे. मांज्याने फुटलेली बोटं कापली जायची. काल स्वतः पतंग उडवला. दोरा बोटांवरून सरसर सुटत होता आणि मी उंधियूचं ताट हातात धरून तिथेच उभी. मला गहिवरून आलं. ओरडून सगळ्यांना सांगितलं की या बोटांना माझा साबण आहे.

निरूबेनच्या मिस्टरांनी विचारलं, "अविनाशभाई, कारखानो केवो चाले?" अविनाशचा पतंग नेमका तेव्हाच कापला गेला. ढील देताना लक्ष गेलं असेल.

५ फेब्रुवारी, शनिवार

आज हळदीकुंकू केलं. वाण म्हणून काय लुटावं याचा यंदा प्रश्नच नव्हता. प्रत्येकीला एकेक वडी, वर हळदीकुंकवाची बोटं. दांडियाबाजारच्या आपल्या बायका, सोसायटीतल्या गुजरातणी, सगळ्या आल्या. तिळगूळ कमी आणि साबणच जास्त चघळला म्हणायचा. प्रत्येकीला अविनाशच्या हातांची हकिकत सांगितली. ते सकाळीच बाहेर गेले होते, नाहीतर बोलावून दाखवलेच असते.

एकाच गोष्टीने विरजण पडलं. मंदा आली होती, सुभाषची बायको. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आमच्या ह्यांचेही हात बरे झाले की. काही लावलं नाही. घरी राहूनच झाले."

एवढ्यात दारात चौघी आल्या आणि बोलणं राहिलं. मी कुंकू लावायला गेले. परत आले तर मंदा निघूनही गेली होती. वडी घेऊन गेली, ते बरं विसरली नाही.

आता हिचं काय म्हणावं? सुभाष रजेवर असेल महिनाभर. पण माझा साबण गाजतोय म्हटल्यावर लगेच आमचेही बरे झाले! मंदाचा स्वभाव पहिल्यापासून असाच. माझी पैठणी पाहिली की तिच्याकडे दोन असतात.

७ फेब्रुवारी

मंदाचं बोलणं डोक्यातून जात नाही. काही न लावता बरे झाले. एकच माणूस पाहून मी जादू म्हणते आहे, हे काही शास्त्र नव्हे. सर असते तर वही फेकून दिली असती. अजून पाचदहा जणांवर वापरून पाहिला पाहिजे, जे त्याच मशीनवर, त्याच तेलात आहेत. लेबल छापायच्या आत करायला हवं. उद्या थेट गोरव्याला जाते आणि अविनाशच्या खात्यातल्या सगळ्यांना एकेक वडी वाटून येते. अविनाशला सांगत नाही, नाही म्हणतील.

८ फेब्रुवारी, मंगळवार

रिक्षाने गेले. डब्याच्या सुट्टीची वेळ साधली होती, म्हणजे सगळे एकदम भेटतील.

फाटकाला साखळी होती. आत शेडच्या दारात एरंडाची रोपं गुडघ्याएवढी वाढलेली. मला आधी वाटलं, मी चुकीच्या फाटकाशी आले. पाटी तर तीच होती. चौकीदार बाहेर बाकड्यावर उन्हाला बसला होता.

"काम बंद आहे का आज?" मी विचारलं.

"दिवाळीथी बंद छे, बेन. बधाने छूटा करी दीधा."

मी विचारलं, "सगळ्यांना?"

"बधाने. कोई रह्युं नथी."

पिशवीतल्या वड्या जड व्हायला लागल्या. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी एक वडी त्याला दिली. त्याने वास घेतला आणि म्हणाला, सारो छे.

परत येताना रिक्षावाल्याला कमाटीबागेवरून घे म्हटलं. उतरले नाही. उतरायची हिंमत झाली नाही.

रिकामी परीक्षानळी म्हणजे सुभाष. काही न घातलेली, बाजूला ठेवलेली. मंदाने ती माझ्या समोर आणून धरली आणि मी पैठणीचा हिशेब करत बसले. डॉक्टरांनी ऑक्टोबरात सांगितलं होतं, तेलापासून लांब राहा, महिन्या-दीड महिन्यात बरे होतील. बरोबर तेवढ्यातच बरे झाले.

मी हे हात उजेडाला धरून पाहिले, उलटे करून पाहिले, दारोदार दाखवले. त्यांच्या तोंडाकडे एकदाही नीट पाहिलं नाही.

संध्याकाळी नेहमीच्या वेळी सायकल आली. डबा ठेवला, मोरीवर गेले, माझ्या साबणाने हात धुतले. कोपरापर्यंत, फेस काढून. स्वच्छ हात. मी टॉवेल घेऊन उभी होते.

"आज मी गोरव्याला गेले होते," म्हटलं.

नळ चालूच राहिला. मग त्यांनी तो बंद केला. "सांगणारच होतो. दिवाळीतच सांगणार होतो. म्हटलं दुसरीकडे लागलो की सांगू. फंडातून पगाराएवढं देत होतो, तुला जाणवलं नसतं."

"मग दिवाळीनंतर का नाही सांगितलंत?"

टॉवेल घेऊन बराच वेळ हात पुसत राहिले, कोरडे झाले तरी.

"हात बरे व्हायला लागले ने," ते म्हणाले. "तू निरूबेनना दाखवलेस. सगळ्यांना दाखवत सुटलीस. यशू झाली तेव्हा तू इतकी खूश होतीस, त्यानंतर आत्ता. नोकरी गेली म्हणून सांगितलं असतं तर तुझा साबणही गेला असता. एका दिवशी दोन्ही नको वाटलं."

मला राग आला. माझ्यावर दया केली म्हणून आला, मला मूर्ख ठेवलं म्हणून आला, आणि तीन महिने तो डबा बाकावर एकट्याने खाल्ला म्हणून सगळ्यात जास्त आला. तसं बोलूनही दाखवलं. यशश्री दारात उभी राहून रडत होती. तिला महिनाभर माहीत होतं.

९ फेब्रुवारी

निरूबेनला सगळं सांगितलं. जीभ उचलत नव्हती, पण सांगितलं. लेबल आता छापत नाही, हातबीत काही बरे होत नाहीत याने.

निरूबेनने खाखरा उलटला आणि म्हणाल्या, "साबू तो सारो छे ने? तो न्हावा माटे वेचो. न्हावानुं तो बधाने होय."

तेलवाल्याने वड्या ठेवल्या. साधा अंघोळीचा साबण म्हणून. आज अविनाश डबा न घेता बाहेर गेले, तोंडाने सांगून गेले की मकरपुऱ्याला दोन ठिकाणी विचारून येतो.

२६ मार्च, रविवार

या महिन्याच्या सुरुवातीपासून अविनाश मकरपुऱ्याच्या एका छोट्या कारखान्यात लागले. पुन्हा लेथ. पगार कमी, पण रोज संध्याकाळी सायकलवरून उतरणारा माणूस वेगळाच दिसतो. शर्टाचं काळं पाणी परत आलं. मोरी काळी होते आणि मी ती पाहत उभी राहते.

आज सकाळी बोटाच्या पेरावर पहिली चीर दिसली. दोन्ही हातांवर, जवळजवळ एकाच जागी.

मी म्हटलं, या वेळी शास्त्राप्रमाणे करायचं. डावा हात माझ्या साबणाने धुवायचा आणि वर धुतलेलं तूप लावायचं. उजवा आहे तसा राहू द्यायचा, त्याला काही लावायचं नाही. महिन्याने दोन्ही शेजारी ठेवून पाहू. लागू पडला तर पडला, नाही तर नाही.

"उजव्याने काय पाप केलंय?" अविनाश म्हणाले.

"तो तुलनेसाठी आहे."

"बराबर," म्हणाले आणि दोन्ही हात माझ्यापुढे धरले. मी न विचारता, स्वतःहून, पहिल्यांदाच.

डावा हात धुतला. तूप घेतलं, पेरापेरात, चिरेत हळूहळू जिरवलं. मग त्यांनी उजवा हात मागे घेतला, तर मला त्याची चीर दिसली.

उजव्यालाही लावलं. प्रयोग पहिल्याच दिवशी फसला, तशी नोंद करते.